कोठाराची किल्ली कुणाच्या कमरेला?

प्रश्न थोडक्यात असा: कादंबरीसाठी एक काल्पनिक देश रचलाय, नाव तेजोभूमी. तिथं दुष्काळ पडतो, शेतकरी उठाव करतात, राजा पळून जातो, उठावाचा म्होरक्या असलेला साधू धर्मराज्य स्थापन करतो आणि ते पुढं तीनशे वर्षं चालतं. टाइमलाइन तयार, नकाशा तयार, देवांची नावं, सणवार, झेंडा सगळं तयार, तरी वाचून बघितलं की खोटं वाटतं, आणि नक्की कुठं खोटं वाटतंय ते सापडत नाही.

मी वीसेक वर्षं इतिहास शिकवला आणि त्यानंतर आता बारा-तेरा वर्षं लोकांच्या कादंबऱ्यांचे, वेब सिरीजचे ड्राफ्ट ह्याच कामासाठी वाचून देतोय, म्हणजे रचलेलं जग कुठं गळतंय तेवढं बघायचं, भाषा-बिषा लेखकाचं लेखकानं बघावं. तुमचा सारांश दोनदा वाचला. गळती एकाच जागी आहे. तुमच्याकडं राजा पळतो आणि पुढच्याच ओळीत 'सुवर्णकाळास प्रारंभ झाला'. ह्या दोन ओळींच्या मध्ये एक सुगी येते, ती तुम्ही लिहिलीच नाही. उठावानंतरची पहिली सुगी. खळ्यावर रास पडलीय, राजाचा माणूस वाटा न्यायला येणार नाही कारण त्याला गेल्या वर्षी ह्याच लोकांनी झाडाला बांधला होता, पण साधूबुवांच्या फौजेला खायला पाहिजे, मठाला पाहिजे, लढाईत मेलेल्यांच्या बायकापोरांना पाहिजे, मग आता राशीतला वाटा कोण नेणार, किती नेणार आणि कुणी नाही म्हणालं तर त्याचं काय करणार? ते ठरलं की अर्धा इतिहास लिहून झाला. धर्मग्रंथ आणि झेंडा मागाहून आपोआप येतात.

मला हे पुस्तकात नाही कळलं, गावात कळलं. आमच्याकडं हरिनाम सप्ताहाला घरटी धान्य गोळा करायची पद्धत होती, पायलीनं मापून, ज्वारी वेगळी गहू वेगळा. देवळामागच्या खोलीत पोती लावायची, कुलूप घालायचं, सात दिवस अख्खं गाव पंगतीला. हिशेब कधी कुणी विचारला नाही कारण उरायचंच नाही काही. मी कॉलेजात असताना एका वर्षी पीक दणकून आलं आणि काल्याचं कीर्तन झाल्यावर अकरा पोती ज्वारी उरली. झालं. विकायची का ठेवायची, विकली तर पैसे कुणाकडं, ठेवली तर किल्ली कुणाकडं. जे म्हातारबुवा सात दिवस वीणा घेऊन उभे राहायचे, ज्यांच्या लोक पाया पडायचे, ते म्हणाले किल्ली माझ्याकडं राहू द्या, देवाचं धान्य आहे. मागून एकजण म्हणाला, देवाचं आहे तर देवाकडं राहू द्या की, तुमच्याकडं कशाला? शेवटी त्या एका दाराला तीन कुलुपं लागली, तीन भावक्यांची तीन, आणि पुढच्या वर्षी गावात दोन सप्ताह झाले. पुढं मी वर्गात चीनमधला तैपिंग उठाव शिकवायला लागलो तेव्हा दरवेळी ते दार डोळ्यासमोर यायचं.

आता खरी उदाहरणं बघू, कारण काल्पनिक देश रचायचा तरी माती कुठूनतरी आणावीच लागते.

उठाव सुरू कुठं होतो ते आधी. तुमच्याकडं देवळात आकाशवाणी होते. होऊ दे, पण दुसऱ्या दिवशी. 1672 साली नारनौलजवळ, म्हणजे आजच्या हरियाणात, औरंगजेबाच्या काळात सतनामींचा उठाव झाला. त्याची सुरुवात त्या काळच्या लेखकांनी नोंदवलीय ती अशी की पिकाच्या राशीवर राखणीला बसवलेला एक प्यादा आणि एक सतनामी शेतकरी ह्यांची बाचाबाची झाली, प्याद्यानं काठी घालून त्याचं डोकं फोडलं, मग सतनामींनी जमून प्याद्याला बदडला, त्याला धरायला आलेल्या शिपायांनाही पिटाळलं आणि बघता बघता नारनौल शहरच हातात आलं. दरबारी लोकांना विश्वास बसेना की सोनार, सुतार, चांभार, झाडूवाले असली माणसं बादशाही फौजेला पळवतात, मग अफवा उठली की ह्यांना जादू येते, गोळी लागत नाही, आणि शेवटी खुद्द बादशहानं स्वतःच्या हातानं प्रार्थना लिहून झेंड्यांना शिवायला दिल्या असं सांगतात. हे सगळं रंगीत आहेच, पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. नारनौल हातात आल्यावर सतनामींनी ठाणी बसवली आणि आसपासच्या गावांतून सारा गोळा करायला लागले! ज्या राशीवरून डोकं फुटलं त्याच राशीतला वाटा. त्यांचं राज्य टिकलं नाही, थोड्याच काळात मोडलं, पण राज्य म्हणजे काय हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

दुसरं, उठावात जाळतात काय ते नीट ठरवा. तुमच्याकडं राजवाडा जाळतात, सिनेमात बरं दिसतं ते. आपल्याकडं 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि मग पुणे-नगर भागात ते लोण पसरलं, त्यात धर्मबिर्म काही नव्हतं, पण त्यांना हवं काय होतं तर कर्जखतं, रोखे, चोपड्या. ज्यानं कागद मुकाट्यानं दिले त्याला बहुतेक ठिकाणी सोडून दिलं, ज्यानं दडवले त्याला मार. ब्राझीलमध्ये 1893 साली आंतोनियो कोन्सेलेइरो नावाच्या फिरत्या उपदेशकाच्या लोकांनी नव्या करांची सरकारी फर्मानं जाळली आणि तिथून कानुदोस नावाची वस्ती उभी राहिली, चार वर्षांत सरकारला तिच्यावर चार मोहिमा काढाव्या लागल्या. म्हणजे कागद जळतो आधी. आणि कागद जळला की एक मोठी अडचण होते जी लेखक लोक विसरतात: कुणाची जमीन कुठवर हे आता कुणालाच सिद्ध करता येत नाही. मग बांधाच्या भांडणात निवाडा कोण करणार? ज्याच्या शब्दाला वजन आहे तो. म्हणजे बुवा. धर्मराज्याची पहिली कचेरी ही अशी चालू होते, लोक आपणहून दारात येतात.

आता ज्याच्यावर तुमचा देश खरं तर बेतायला पाहिजे तो देश. बोहेमिया, आजचं चेक प्रजासत्ताक. यान हुस नावाच्या धर्मोपदेशकाला 6 जुलै 1415 रोजी कॉन्स्टन्सला जिवंत जाळलं, त्यावरून देशभर आग. 1419 च्या उन्हाळ्यात हजारो लोक दक्षिणेतल्या एका डोंगरावर जमायला लागले आणि त्या डोंगराला त्यांनी बायबलमधलं नाव दिलं, ताबोर. उपदेशक सांगत होते की 1420 च्या फेब्रुवारीत हे जग संपणार, पाप्यांचा नाश होणार, फक्त ठरावीक पाच गावांत जे असतील ते वाचणार. ह्यापुढं मालक नाही, कुळ नाही, खंड नाही, सारा नाही. शेतकऱ्यांनी घरदार विकलं आणि निघाले. आल्यावर करायचं काय, तर मोठमोठी लाकडी टिपं ठेवलेली असायची, जवळ असेल नसेल तो पैसा त्यात टाकायचा, तिथून सगळ्यांचा खर्च. माझं-तुझं काही नाही.

फेब्रुवारी आला. फेब्रुवारी गेला. जग होतं तिथंच.

मी वर्गात इथं थांबून पोरांना विचारायचो की आता काय होईल, आणि निम्मी पोरं म्हणायची लोक बुवाला मारतील. नाही मारत हो. घर विकून आलेला माणूस परत कुठं जाणार? त्याला बुवा खरा असायलाच पाहिजे. लोकांनी मार्चअखेर ताब्यात घेतलेलं एक जुनं गाव जाळून जवळच्या टेकडीवर नवं तटबंदीचं ठाणं वसवलं, त्यालाही नाव ताबोरच. चार सरदार नेमले, त्यांना हेत्मान म्हणायचे, सप्टेंबरात मिकुलाश नावाच्या धर्मगुरूला स्वतःचा बिशप म्हणून निवडला, रोमला न विचारता, आणि ऑक्टोबरात, जुने जमीनदार ज्या दिवशी खंड घ्यायचे साधारण त्याच सुमारास, ताबोरच्या माणसांनी भोवतालच्या शेतकऱ्यांकडून खंड घ्यायला सुरुवात केली. वर्ष तेच, 1420. मार्चमध्ये मालक कुणी नाही, ऑक्टोबरमध्ये मालक आम्ही. त्या काळच्या विरोधी लेखकांनी ह्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलंय, आणि शत्रूचं लिखाण म्हणून ते सोडून देता येत नाही कारण टिपातला पैसा संपतो हे तर साधं गणित आहे. शेत विकून आलेला माणूस एकदाच शेत विकू शकतो.

तुमच्या सारांशात साधूच्या शत्रूंची यादी आहे: पळालेला राजा, शेजारचं साम्राज्य, एक गद्दार सेनापती. एक शत्रू राहिला, तो म्हणजे साधूचंच जुनं बोलणं मनावर घेतलेला माणूस. ताबोरमध्ये मार्टिन हुस्का नावाचा उपदेशक होता, त्याचं म्हणणं काही फार वेगळं नव्हतं, सुरुवातीला सगळेच जे बोलत होते तेच तो आणखी पुढं नेत होता. त्याच्या बाजूच्या लोकांना गावाबाहेर काढलं, 1421 च्या वसंतात यान झिझ्कानं, म्हणजे ताबोरच्याच सगळ्यात नावाजलेल्या सेनापतीनं, त्यातल्या पन्नासेक जणांना जाळलं, आणि ऑगस्टात हुस्कालाही जाळलं. सहाच वर्षांपूर्वी ज्यांचा गुरू जाळला होता त्या लोकांनी. ह्या प्रसंगाशिवाय धर्मराज्याचा इतिहास लिहूच नका, आणि जाळणाऱ्याला खलनायक करू नका. झिझ्का आधीच एका डोळ्यानं अधू, 1421 मध्येच दुसराही गेला, तरी आंधळा माणूस गाड्यांचा कोट उभारून लढाया जिंकत राहिला. शेतकऱ्यांच्या बैलगाड्या-घोडागाड्या साखळीनं जोडायच्या, आत बंदुका, हातात धान्य झोडायची दांडकी, त्यांना खिळे ठोकलेले. सरदारांचं घोडदळ त्यावर येऊन आपटायचं. असा माणूस स्वतःच्याच लोकांना जाळतो तेव्हा तो काय विचार करत असेल हे तुम्ही लेखक आहात, तुम्ही लिहा. 1424 मध्ये तो मेला तर त्याचं सैन्य स्वतःला 'अनाथ' म्हणवून घ्यायला लागलं. फौजेचं नाव अनाथ! हे असलं नाव टेबलाशी बसून सुचत नाही.

पुढचं भराभर सांगतो. झिझ्कानंतर प्रोकोप नावाचा पाद्री सेनापती झाला, 30 मे 1434 ला लिपानीच्या लढाईत तो पडला, आणि समोर कोण होतं तर कॅथलिकांबरोबर त्यांचेच मवाळ हुसपंथी भाऊबंद. ताबोर गाव त्यानंतरही तग धरून राहिलं, 1452 मध्ये राजाच्या कारभाऱ्याला शरण गेलं. म्हणजे सगळं मिळून बत्तीस वर्षं.

बत्तीस. आणि हे टिकलेलं उदाहरण आहे. सुदानमध्ये एकानं 1881 ला दावा केला की आपणच महदी, म्हणजे जगाच्या शेवटी येणारा मुक्तिदाता, 26 जानेवारी 1885 ला खार्टुम घेतलं आणि जूनमध्ये तो वारलाच, मागं आलेला अब्दुल्लाही नावाचा खलिफा स्वतःच्या टोळीची माणसं ओमदुर्मानला बोलावून बसला, त्यांना खाऊ घालायचा भार नदीकाठच्या शेतकऱ्यांवर, त्यात 1888-89 चा भयानक दुष्काळ, आणि 1898 मध्ये इंग्रजांनी ओमदुर्मानला शेवट केला. तेरा-चौदा वर्षं. तैपिंगही तेवढंच. तुमची तीनशे वर्षं मी कापायला सांगत नाही, पण ती कमवावी लागतील, त्याचं पुढं बघू.

तैपिंगबद्दल एक गोष्ट नीट सांगायलाच पाहिजे कारण तुमचा साधू एकटाच देवाशी बोलतो आणि तिथं तुम्ही फार मोठी संधी घालवलीय. होंग श्यूच्वान सरकारी परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेला मास्तर. 1837 मध्ये आजारपणात त्याला दृष्टान्त झाला, पुढं 1843 मध्ये ख्रिस्ती पत्रकं वाचून त्यानं अर्थ लावला की आपण येशूचे धाकटे भाऊ. त्याच्या नावानं डोंगराळ क्वांगशीत संघटना उभी केली ती त्याच्या मित्रानं, आणि हे दोघं तिथं नसताना यांग श्यूछिंग नावाचा एक कोळसा पाडणारा माणूस अंगात आणायला लागला. त्याच्या तोंडून प्रत्यक्ष देवबाप बोलायचा. आणखी एकाच्या तोंडून येशू बोलायचा. आता होंगला पेच पडला, हे खोटं म्हणावं तर संघटना मोडते, खरं म्हणावं तर आपला बाप ह्या कोळशेवाल्याच्या अंगात येतो. त्यानं खरं म्हटलं. 11 जानेवारी 1851 ला जिंथियनला उठाव जाहीर झाला, 1853 च्या मार्चमध्ये नानजिंग घेतलं, तिथं स्वर्गीय राजधानी झाली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी यांगच्या अंगात देव आला नि म्हणाला, होंगला चाळीस फटके मारा! होंग खरंच वाकून तयार झाला तेव्हा देवानं माफ केलं. 1856 मध्ये यांगला त्याच्या माणसांसकट कापून काढलं, हजारोंनी मेले, आणि तिथून राज्याची पाठ मोडली. आपल्याकडं अंगात येणं म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगायला नको, जत्रेत दोन भगतांच्या अंगात एकदम आलं की पुजारी काय काय करतो ते बघितलं असेलच. तेच, फक्त मागं लाखाची फौज.

आणि इथं पुन्हा कोठार. 1853 मध्ये तैपिंगांनी जमिनीचा कायदा छापला, वाचताना हसू येतं आणि मग येत नाही. दर पंचवीस घरांना एक कोठार आणि एक प्रार्थनाघर. एकच माणूस दोन्ही सांभाळणार: आठवडाभर धान्य मोजणार आणि प्रार्थनेच्या दिवशी ग्रंथ वाचणार. प्रत्येक घरी पाच कोंबड्या, दोन डुकरिणी. घरात लागेल तेवढं ठेवून बाकी सगळं कोठारात, लग्न निघालं किंवा पोर झालं तर कोठारातून हजार नाणी आणि शंभर कॅटी धान्य, म्हणजे अंदाजे दीड मण. श्रीमंताला तेवढंच, गरिबाला तेवढंच. कागदावर इतकं नेटकं धर्मराज्य मी दुसरं पाहिलं नाही. प्रत्यक्षात काय झालं? शहराला, फौजेला धान्य कमी पडायला लागलं आणि थोड्याच दिवसांत हुकूम निघाला की जुन्या रीतीप्रमाणं सारा घेत जा. जमीनदारांकडून, जुन्या वह्यांप्रमाणं. आणि 1864 मध्ये वेढ्यात सापडलेल्या नानजिंगमध्ये उपासमार सुरू झाली तेव्हा होंगनं सांगितलं की रानातला पाला हाच देवानं धाडलेला प्रसाद, तो खा, आणि स्वतःही खाल्ला. जूनमध्ये तो गेला, जुलैत शहर पडलं. त्या चौदा वर्षांत दोन कोटींहून जास्त माणसं मेली असं मानतात, म्हणून ह्या विषयावर लिहिताना मी फार विनोद करत नाही.

आता उलटं उदाहरण, माझं आवडतं. दुसऱ्या शतकाच्या शेवटी चीनमध्येच हानचुंग नावाच्या डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात चांग लू ह्याचं राज्य होतं. पंथाला लोक 'पाच माप तांदूळ' म्हणायचे, कारण दीक्षा घेताना तेवढा तांदूळ द्यायचा. सरकारी अधिकारी नव्हतेच, पंथाचे पुजारीच कारभार बघायचे आणि त्यांचं पदनाम यज्ञात मद्य ओतणाऱ्याचं. रस्त्यावर धर्मशाळा, आत तांदूळ आणि मांस टांगलेलं, वाटसरूनं पोटापुरतं घ्यावं, जास्त घेतलं तर भुतं आजारी पाडतील. गुन्ह्याला तीनदा माफी, चौथ्यांदा शिक्षा. किरकोळ चूक असेल तर शंभर पावलं रस्ता दुरुस्त करून द्यायचा. बघा किती हुशार आहे हे, तुरुंग नाही, शिपाई नाही, रस्ते फुकटात. 215 मध्ये छाओ छाओ नावाच्या सेनापतीची फौज आली, चांग लू डोंगरात सरकला, निघताना माणसं म्हणाली कोठारं जाळून टाकू, शत्रूच्या हाती कशाला. तो म्हणाला, कोठार राज्याचं असतं, आणि दारं मोहरबंद करून गेला. जिंकणाऱ्याला ते इतकं आवडलं की शरण आल्यावर त्याला मानानं वागवलं. राज्य गेलं, पंथ राहिला, आणि त्या गुरुपरंपरेचं नाव सांगणारे लोक आजही आहेत.

तर आता तुमचा देश. पहिलं, तेजोभूमी हे नाव काढा, असली नावं पर्यटन खातं ठेवतं. उठाव केलेले शेतकरी एकतर पोथीतलं नाव देतील, ताबोरसारखं, नाहीतर जिथं पहिलं रक्त सांडलं त्या जागेचं. मी असतो तर देशाला 'मेढ' म्हटलं असतं. खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब, ज्याच्याभोवती बैल फिरतात, काही भागांत त्याला तिवडा म्हणतात. हुसवाल्यांच्या झेंड्यावर प्याला होता कारण भांडणच प्याल्याचं होतं, प्रसादाचा द्राक्षरस फक्त पाद्र्यांनी का प्यायचा म्हणून. तुमच्या झेंड्यावर सूर्य आहे, तो कुणाच्याही झेंड्यावर असतो. राजाच्या माणसानं एका म्हाताऱ्याला त्याच्याच खळ्यातल्या मेढीला बांधून मारलं, तिथून सगळं सुरू झालं, असं धरा. मग खूण आपोआप मिळाली, देऊळ गोल झालं, प्रदक्षिणा बैलांच्या दिशेनं. शत्रू काय म्हणतील तेही ठरवा, तैपिंगांनी कपाळ भादरायचं सोडून केस वाढवले म्हणून सरकारी लोक त्यांना लांबकेसाळे म्हणायचे. मेढवाल्यांना शेजारी नक्कीच 'बैल' म्हणणार.

पुजारी कोण? मापारी. खळ्यावर धान्य मोजून देणारा माणूस. आपल्याकडं मापारी पहिलं माप टाकताना 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, मग दोन, तीन. तुमच्या देशात पहिल्या मापाला त्या मारल्या गेलेल्या म्हाताऱ्याचं नाव घेतील. पहिल्या वर्षी ते आठवण म्हणून, पन्नासाव्या वर्षी मंत्र म्हणून, आणि दोनशेव्या वर्षी पोरांना वाटेल की त्या शब्दाचा अर्थच 'एक' आहे. हे मी तुमच्या तीनशे वर्षांसाठी सांगतोय, कारण काळ गेला हे तारखांनी दिसत नाही, शब्द झिजले की दिसतं. सगळ्यात मोठं पाप माप मारणं. सगळ्यात मोठी शिक्षा राशीवर नाव न पुकारणं, मग त्या घराला त्या वर्षी कोठाराचं दार बंद. राज्याचा प्रमुख किल्ल्याचा किल्लेदार नसून कोठाराचा किल्लीदार, आणि किल्ल्या तीन असू द्या, माझ्या गावासारख्या: एक मापाऱ्यांकडं, एक फौजेकडं, एक गावकीकडं. जोवर तिघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही तोवर तुमचं राज्य टिकतं. तीनशे वर्षांचं कारण मला एवढंच पटेल, अधिक डोंगर. हानचुंग इतकी वर्षं टिकलं त्यात डोंगरांचा वाटा पुजाऱ्यांपेक्षा कमी नव्हता.

मग इतिहास म्हणजे ह्या किल्ल्यांची हलवाहलव. साधू बाराव्या-पंधराव्या वर्षी मरतो, त्याच्या मरणानंतर 'मला तो स्वप्नात येऊन सांगतो' म्हणणारे किमान दोन निघतात, फौज एकाच्या मागं उभी राहते आणि फौजेकडं दोन किल्ल्या होतात. चाळिसाव्या वर्षी उठावातली शेवटची म्हातारी माणसं बोलायला लागतात की आपलं ठरलं होतं वाटा कधीच घ्यायचा नाही, त्यांना नातवांच्या वयाचे मापारी पाखंडी ठरवतात. (त्या म्हाताऱ्यांना जाळू नका, नुसतं राशीवर नाव पुकारू नका. जास्त लागतं ते.) पुढं एका दुष्काळात गावकीची किल्ली गहाण पडते, कुणाकडं, तर परदेशी धान्यव्यापाऱ्याकडं, आणि शंभर वर्षं गावकीचा प्रतिनिधी म्हणून त्या पेढीचा मुनीम सोहळ्याला उभा राहतो. मधली सत्तर-ऐंशी वर्षं काहीच घडू देऊ नका, प्लीज. सगळ्या रचलेल्या इतिहासांत दर दहा वर्षांनी लढाई असते. खऱ्या इतिहासात एखादं शतक रस्ता दुरुस्त करण्यात जातं.

बायकांबद्दल तुम्ही एक वाक्य लिहिलंय की नव्या राज्यात स्त्रियांना समान स्थान होतं. तैपिंगांकडं बायका लढल्या, बायकांच्या पलटणी होत्या, पाय बांधायला बंदी होती, आणि त्याच वेळी नवरा-बायकोला वेगवेगळ्या छावण्यांत ठेवत होते, 1855 पर्यंत, आणि वर बसलेल्यांचे जनाने भरलेले. दोन्ही एकदम खरं होतं. ते एक वाक्य काढून तिथं ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवा, काही मत देऊ नका.

धर्मग्रंथ लिहायला घेतलाय म्हणता, तो थांबवा. 1525 मध्ये दक्षिण जर्मनीच्या शेतकऱ्यांनी मेमिंगेनला बारा मागण्या लिहिल्या, त्यातली पहिली होती की आमचा पाद्री आम्ही निवडणार आणि दुसरी लगेच धान्याच्या दशांशाची, म्हणजे चर्चला द्यायच्या दहाव्या हिश्शाची: तो आम्ही देऊ, पण आमचे पंच गोळा करतील, त्यातून पाद्र्याला पोटापुरतं, उरलेलं गोरगरिबांना, त्यातूनही उरलं तर लढाईच्या वेळेसाठी ठेवायचं. उठाव त्याच वर्षी चिरडला गेला, पण त्या दोन कलमांत अख्खं धर्मराज्य बसलंय, देवाची स्तोत्रं न लिहिता. तुमच्या देशाचा मूळ ग्रंथ एवढाच असू दे, हिशेबाचं एक पान. तीनशे वर्षांत त्यावर भाष्यं चढू देत, 'पोटापुरतं' ह्या एका शब्दावरच तीन पंथ पडतील.

बाकी टाइमलाइन आत्ता बाजूला ठेवा. आधी एकच प्रसंग लिहा, उठावानंतरची पहिली सुगी. राजाच्या माणसाला झाडाला बांधणारा तोच शेतकरी, खळ्यावर रास, संध्याकाळची वेळ, वारा पडलाय म्हणून उफणणी अर्धवट राहिलीय. साधूचा पहिला मापारी येतो, नवा आहे, कालपर्यंत ह्याच्याच बरोबर लढत होता, थोडा लाजलाय. राम राम होतो. शेतकरी त्याच्या हातातलं माप घेतो, उलटं करतो आणि तळाला नखानं खरवडून बघतो, आत मेण भरलंय का. ते पान झालं की पाठवा, पुढचं त्यावरून ठरवू.